सौर पॅनेलखाली कबुतरांची घरटी : पीण्या परिसरातील लाभार्थ्यांसाठी माहिती

पीएम सूर्यघर : मोफत वीज योजनेत घरगुती सौर संचासाठी १ किलोवॅटला ₹३०,०००, २ किलोवॅटला ₹६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ₹७८,००० अनुदान मिळते. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांच्या शेडना हे अनुदान नाही. लगतच्या दासरहळ्ळी, लग्गेरे भागात स्वतःचे घर व छत असलेल्या कुटुंबांना मात्र अर्ज करता येतो. वीज कंपनी बेस्कॉम.

कबूतर मूळचे कड्याकपारीतले. शेडच्या लोखंडी कैच्या त्याला चालतात, आणि पॅनेल व छत यांमधली सावलीची फट तर फारच आवडते.

घरट्याच्या काड्यांनी खालची हवा अडते आणि पॅनेल तापते. तापलेले पॅनेल कमी वीज देते. विष्ठेचा जाड थर काचेवर साचला की त्या जागी सावली पडते. पॅनेल एकामागे एक जोडलेली असल्याने एकाच्या सावलीचा फटका पूर्ण ओळीला बसू शकतो. झाकलेला भाग जास्त तापून कायमचा खराबही होतो. सुक्या काड्या आणि सैल झालेली वायर एकत्र आली तर आगीचा धोका असतो. ३ किलोवॅटच्या संचातून महिन्याला सरासरी ३०० युनिट अपेक्षित असतात. पावसाळी ढग नसताना आकडा घसरला, तर आधी पॅनेलखाली डोकावून पाहा.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे संच बसवतानाच चारही बाजूंनी जाळी लावून घेणे. जाळी क्लिपने अडकवावी. पॅनेलच्या चौकटीला भोके पाडल्यास वॉरंटी जाऊ शकते. विक्रेत्याने ५ वर्षे देखभाल करणे योजनेत बंधनकारक आहे, पण त्यात जाळी व घरटी काढणे धरलेले असेलच असे नाही. म्हणून करारात तसे स्पष्ट लिहून घ्या. अनुदानात जाळीसाठी वेगळी रक्कम नाही.

घरट्यात अंडी असतील तर थांबा. साधारण १८ दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि आणखी महिनाभराने उडतात. ती उडाल्यावर घरटे काढून लगेच जाळी लावा, कारण कबुतरे त्याच जागी परत येतात.

वाळलेली विष्ठा झाडूने कधीही झाडू नका. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर अधिकच जपावे. मास्क व हातमोजे घालून, आधी पाणी शिंपडून ती काढा. काच सकाळी थंड असतानाच धुवा. इन्व्हर्टर बंद केला तरी उजेडात पॅनेलच्या वायरमध्ये वीज असतेच, त्यामुळे खालची घरटी विक्रेत्याच्या तंत्रज्ञाकडूनच काढून घ्या. पत्र्याच्या छतावर तर स्वतः चढूच नका.