मोटार अपघात नुकसानभरपाईवरील व्याजाचा प्राप्तिकर परतावा

मोटार अपघातातील मृताच्या वारसांना किंवा जखमी व्यक्तीला मिळणाऱ्या नुकसानभरपाईवर भारतात व्याज दिले जाते. हे व्याज चुकते करताना विमा कंपनीने किंवा वाहनमालकाने प्राप्तिकरापोटी कापून घेतलेली रक्कम, ती देय करापेक्षा जास्त असल्यास, प्राप्तिकर विभागाकडून परत मिळवता येते. त्या प्रक्रियेस व्याजावरील प्राप्तिकर परतावा म्हणतात. मूळ भरपाई ही उत्पन्न मानली जात नाही व तिच्यावर कर लागत नाही. प्रश्न उद्भवतो तो केवळ व्याजाच्या रकमेबाबत. कापलेली रक्कम हा अंतिम कर नसून कराची आगाऊ वसुली असते. मात्र ती आपोआप परत येत नाही. त्यासाठी विवरणपत्र भरून मागणी करावी लागते. ज्यांना अन्य करपात्र उत्पन्न नाही अशा विधवा, वृद्ध आई-वडील, अज्ञान मुले आणि कायमचे अपंगत्व आलेल्या व्यक्ती यांच्या दृष्टीने या विषयास विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६५ अन्वये राज्य शासने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापन करतात. कलम १६६ खाली दावा दाखल होतो आणि कलम १६८ खाली न्यायाधिकरण निवाडा देते. निवाडा जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत संपूर्ण रक्कम जमा करणे बंधनकारक असते. कलम १७१ नुसार न्यायाधिकरण भरपाईवर सरळव्याज देण्याचा आदेश करू शकते. हे व्याज दावा दाखल झाल्याच्या तारखेपूर्वीपासून देता येत नाही. बहुतांश निवाड्यांत व्याजाचा दर द.सा.द.शे. ६ ते ९ असा आढळतो.

दाव्यांचा निकाल लागण्यास अनेक वर्षे लागतात आणि प्रकरण अपिलात गेल्यास हा काळ आणखी वाढतो. परिणामी व्याजाची रक्कम मूळ भरपाईच्या निम्म्याहून अधिक, प्रसंगी तिच्याहून मोठी होते. अनेक वर्षांचे हे व्याज एकाच आर्थिक वर्षात एकरकमी हाती पडते आणि त्याच वेळी त्यातून कर कापला जातो.

कायदेशीर तरतुदी

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील पुढील तरतुदी या विषयाशी निगडित आहेत.

कलम १९४-ए : व्याज देणाऱ्याने कर कापून तो सरकारजमा करावा, असे हे कलम सांगते. मोटार अपघात भरपाईच्या बाबतीत १ जून २०१५ पासून ही कपात व्याज प्रत्यक्ष चुकते करतानाच करावयाची असून, आर्थिक वर्षात दिलेले व्याज ५०,००० रुपयांपेक्षा अधिक असेल तरच ती लागू होते. दावेदार अनेक असल्यास ही मर्यादा प्रत्येकाच्या वाट्यास स्वतंत्रपणे लावावी, अशी भूमिका गुजरात उच्च न्यायालयाने घेतली आहे. कपातीचा दर १० टक्के आहे.

कलम २०६-एए : दावेदाराने पॅन क्रमांक दिला नसल्यास कपात २० टक्के दराने होते.

कलम ५६(२)(८) व कलम १४५-बी : भरपाईवरील किंवा वाढीव भरपाईवरील व्याज हे ज्या वर्षी मिळाले त्या वर्षाचे ‘अन्य मार्गांनी मिळालेले उत्पन्न’ समजले जाते. ही व्यवस्था वित्त (क्रमांक २) अधिनियम, २००९ द्वारे आली व १ एप्रिल २०१० पासून अमलात आली.

कलम ५७(४) : अशा व्याजातून सरसकट ५० टक्के वजावट मिळते. त्यासाठी खर्चाचा पुरावा द्यावा लागत नाही. कर कापणारी संस्था मात्र ही वजावट विचारात घेत नाही. कपात संपूर्ण व्याजावर होते, तर करआकारणी फार तर निम्म्या व्याजावर. जादा कपातीचे हे एक प्रमुख कारण आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय

मोटार अपघात भरपाईवरील व्याज मुळात उत्पन्न आहे काय, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अकिल कुरेशी व न्या. एस. जे. काथावाला यांच्या खंडपीठाने ८ ऑगस्ट २०१९ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. बालपणी अपघातग्रस्त झालेल्या व्यक्तीस काही दशकांनंतर मिळालेल्या व्याजाचा हा वाद होता. दावा दाखल झाल्यापासून न्यायाधिकरणाच्या निवाड्यापर्यंत, आणि अपील झाले असल्यास उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत, मिळणारे व्याज हे भरपाईचाच भाग असून ते उत्पन्न नाही, असे न्यायालयाने ठरवले. कलम १९४-ए हे केवळ करकपातीची पद्धत सांगते. एखादी रक्कम करपात्र आहे किंवा नाही हे त्या कलमावरून ठरत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. २००९ च्या दुरुस्तीमुळे या स्थितीत फरक पडत नाही, असा निष्कर्षही त्यात आहे.

या निर्णयामुळे दावेदाराच्या हाती येणाऱ्या व्याजाचे तीन भाग वेगळे ओळखणे आवश्यक ठरले.

१. दावा दाखल झाल्यापासून निवाड्यापर्यंतचे किंवा अपिलाच्या निकालापर्यंतचे व्याज. मुंबई उच्च न्यायालयाच्या मते हे करपात्र नाही.

२. निकालानंतर रक्कम देण्यास झालेल्या विलंबाबद्दलचे व्याज. वरील निर्णयाचे संरक्षण या भागास मिळत नाही.

३. न्यायाधिकरणाच्या आदेशाने बँकेत मुदत ठेवीत गुंतवलेल्या भरपाईवर बँक देत असलेले व्याज. हे इतर कोणत्याही ठेवीवरील व्याजाप्रमाणेच करपात्र असून त्यास कलम ५७(४) ची वजावट नाही.

परतावा मागण्याची पद्धत

कर कापणाऱ्या संस्थेने दावेदारास नमुना १६-ए मधील प्रमाणपत्र देणे आवश्यक असते. कापलेली रक्कम दावेदाराच्या पॅनवर जमा झाल्याची नोंद नमुना २६-एएस मध्ये दिसते. परताव्याचा पाया ही नोंद आहे. ती नसेल तर विवरणपत्र अचूक भरूनही परतावा अडतो. म्हणून प्रथम ही नोंद तपासणे आणि त्रुटी आढळल्यास विमा कंपनीस तिचे करकपात विवरण दुरुस्त करावयास लेखी कळवणे हिताचे असते.

त्यानंतर ज्या आर्थिक वर्षात व्याज मिळाले त्या वर्षाचे प्राप्तिकर विवरणपत्र विभागाच्या संकेतस्थळावर भरावे लागते. त्यात व्याज, ५० टक्के वजावट आणि कापलेला कर दाखवला जातो. विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. परतावा पॅनशी जोडलेल्या आणि संकेतस्थळावर आधीच प्रमाणित केलेल्या बँक खात्यातच जमा होतो. निवाड्याची प्रत, व्याजाच्या हिशेबाचा तक्ता आणि विमा कंपनीचे पत्र विवरणपत्रासोबत जोडावयाचे नसते, परंतु विचारणा झाल्यास ते सादर करावे लागते.

कलम २४४-ए प्रमाणे परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. विवरणपत्र मुदतीत भरले असल्यास हे व्याज करनिर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून मोजले जाते. परताव्यावरील हे व्याज स्वतः करपात्र असते.

उदाहरण

एका दावेदारास १०,००,००० रुपये भरपाई व त्यावर ७.५ टक्के दराने ८ वर्षांचे सरळव्याज मंजूर झाले आणि ती रक्कम आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये मिळाली, असे मानू. व्याज ६,००,००० रुपये होते. त्यातून १० टक्क्यांप्रमाणे ६०,००० रुपये कापले जातात. पॅन दिलेला नसल्यास ही कपात १,२०,००० रुपये होते.

संपूर्ण व्याज करपात्र धरले तरी ५० टक्के वजावटीनंतर करपात्र रक्कम ३,००,००० रुपये उरते. त्या वर्षी नव्या करप्रणालीतील करमुक्त मर्यादा ३,००,००० रुपये होती. अन्य उत्पन्न नसल्यास देय कर शून्य ठरतो आणि कापलेले ६०,००० रुपये पूर्णपणे परत मिळण्यास पात्र असतात. मुदतीत विवरणपत्र भरले असता सहा महिन्यांच्या विलंबाबद्दल १,८०० रुपये व्याजही मिळते. येथे उच्च न्यायालयाच्या निर्णयाचा आधार घेण्याचीही गरज पडत नाही. व्याज याहून बरेच मोठे असेल किंवा दावेदारास पगारादी उत्पन्न असेल, तेव्हा तो निर्णय निर्णायक ठरतो.

मुदत

व्यक्तींसाठी विवरणपत्राची सर्वसाधारण मुदत ३१ जुलै आणि विलंबित विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर अशी राहिली आहे. त्यानंतर भरता येणारे अद्ययावत विवरणपत्र परताव्यासाठी उपयोगी नाही. त्याद्वारे परतावा मागता किंवा वाढवता येत नाही.

मुदत उलटून गेल्यास कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज हा एक मार्ग उरतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार असा अर्ज करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत करावा लागतो. पूर्वी ही मुदत ६ वर्षे होती. एक कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यावर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त निर्णय देतात. वरील उदाहरणात करनिर्धारण वर्ष २०२४-२५ असल्याने ही मुदत ३१ मार्च २०३० रोजी संपते. विलंबाचे खरे कारण आणि दाव्याची सत्यता दाखवणे ही अर्जदाराची जबाबदारी असते.

कपात टाळण्याचे मार्ग

करपात्र उत्पन्न नसलेली व्यक्ती रक्कम मिळण्यापूर्वी नमुना १५-जी, तर ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती नमुना १५-एच भरून देऊ शकते. नमुना १५-जी साठी वर्षातील एकूण व्याज करमुक्त मर्यादेच्या आत असावे लागते. त्यामुळे मोठ्या व्याजाच्या प्रकरणांत तो उपयोगी पडत नाही. अशा वेळी कलम १९७ खाली कमी किंवा शून्य दराने कपातीचे प्रमाणपत्र करनिर्धारण अधिकाऱ्याकडून घेता येते.

व्यवहारातील अडचणी

दावेदारांना पुढील अडचणी प्रामुख्याने येतात.

अनेक वारस असताना संपूर्ण कपात एकाच वारसाच्या पॅनवर दाखवली जाते. प्राप्तिकर नियम ३७-बीए नुसार संबंधित वारसाने कर कापणाऱ्या संस्थेस घोषणापत्र दिल्यास ही नोंद प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे विभागता येते.

अज्ञान मुलाच्या नावावरील करपात्र व्याज कलम ६४(१-ए) प्रमाणे आई किंवा वडील यांपैकी अधिक उत्पन्न असलेल्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. कलम ८०-यू मध्ये नमूद केलेले अपंगत्व असलेल्या मुलास हा नियम लागू नाही.

व्याज करपात्र नाही असे दाखवून त्यावरील कपातीचे श्रेय मागितल्यास बंगळूरु येथील केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राच्या संगणकीय तपासणीत तफावत दिसून श्रेय नाकारले जाण्याचा संभव असतो. अशा वेळी कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज, किंवा सूचनापत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करता येते.

भूसंपादन मोबदल्याशी तुलना

भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यावरील व्याजाबाबतही असाच वाद आहे. भूसंपादन अधिनियम, १८९४ च्या कलम २८ मधील व्याज न्यायालयाने वाढवलेल्या मोबदल्यावर, तर कलम ३४ मधील व्याज मोबदला देण्यास झालेल्या विलंबाबद्दल मिळते. दोन्हींचा दर पहिल्या वर्षी ९ व पुढे १५ टक्के आहे. कलम २८ चे व्याज हा मोबदल्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम (हिंदू अविभक्त कुटुंब) प्रकरणी २००९ मध्ये ठरवले. त्यानंतरच्या कायदादुरुस्तीमुळे हे तत्त्व टिकते काय, यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. गुजरात उच्च न्यायालयाने ते टिकते असे म्हटले, तर पंजाब व हरियाणा तसेच दिल्ली उच्च न्यायालयांनी असे व्याज करपात्र ठरवले.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्यास त्या कायद्याच्या कलम ९६ ने प्राप्तिकरातून सूट दिली आहे. जमीन शेतीखाली होती हे दाखवण्यासाठी महाराष्ट्रात सातबारा उतारा व त्यावरील पीकपाण्याच्या नोंदी उपयोगी पडतात.

अलीकडील बदल

१ फेब्रुवारी २०२६ रोजी अर्थसंकल्प सादर करताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने व्यक्तीस मंजूर केलेले व्याज प्राप्तिकरमुक्त करण्याचा आणि त्यावरील करकपात बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या अधिनियमाच्या जागी आला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ‘आर्थिक वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ या दुहेरी गणनेऐवजी त्यात ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आहे. त्यापूर्वीच्या वर्षांत झालेल्या कपातीचा परतावा मात्र १९६१ च्या अधिनियमातील तरतुदी व मुदती यांनुसारच मागावा लागतो.

हेही पाहा

मोटार वाहन अधिनियम, १९८८
प्राप्तिकर
स्थायी खाते क्रमांक
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ
भूसंपादन