कांचनजंगा आणि जीवन भारती: एकाच वास्तुकाराच्या दोन उंच इमारती

#थ्रेड

चार्ल्स कोरिया म्हटले की बहुतेकांना साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय किंवा भोपाळचे भारत भवन आठवते. दोन्ही वास्तू बसक्या, अंगणांभोवती रचलेल्या. परंतु याच कोरियांनी उंच इमारतीही उभारल्या. मुंबईची ‘कांचनजंगा’ (१९८३) आणि दिल्लीची ‘जीवन भारती’ (१९८६) शेजारी ठेवून पाहिल्या, तर एकाच माणसाच्या दोन वेगळ्या निष्ठा समोर येतात.

प्रथम कांचनजंगा. मुंबईत समुद्र पश्चिमेला. वारा तिकडूनच येतो, देखावाही तिकडेच. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारासुद्धा त्याच दिशेचा. म्हणजे जिकडे खिडकी हवी, तिकडेच ती नकोशी! जुन्या बंगल्यांनी हा पेच घराभोवती व्हरांडा फिरवून सोडवला होता. आपल्या वऱ्हाडातील जुन्या घरांची ओसरी याच कुळातली: ऊन असो वा पाहुणा, थेट माजघरात कोणीच पोहोचत नाही. कोरियांपुढचा प्रश्न असा, की ही ओसरी ८४ मीटर उंच न्यायची कशी?

त्यांनी २१ मीटर बाजूच्या चौरसावर २८ मजले उभे केले आणि इमारतीचे कोपरे कोरून काढले. प्रत्येक पोकळीत दोन मजले उंचीची गच्ची. खोल्या तिच्या आड, सावलीत. घरे केवळ ३२, एकमेकांत वरखाली अडकवलेली. कोपऱ्याला खांब नसल्याने भार मध्यवर्ती काँक्रीटच्या गाभ्यावर येतो आणि गच्च्या अधांतरी पुढे येतात. ही रचना अभियंता शिरीष पटेल यांची. कोरिया, पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनीच १९६०च्या दशकात नव्या मुंबईची कल्पना मांडली होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता दिल्ली. कॅनॉट प्लेसच्या कडेला, आयुर्विमा महामंडळासाठी बांधलेली जीवन भारती. बारा मजल्यांच्या या वास्तूला काटेकोर अर्थाने गगनचुंबी म्हणता येणार नाही; पण समोरच्या दुमजली पांढऱ्या स्तंभावलींपुढे ती डोंगरासारखी भासते. लाल वालुकाश्म, काचेची प्रचंड भिंत आणि वर दोन भागांना जोडणारी लांबलचक जाळीदार चौकट. कोरियांच्या मनात रंगमंच होता: पुढे ब्रिटिशकालीन वर्तुळ, मागे नवे मनोरे आणि मध्ये हा पडदा. काचेत समोरची झाडे, इमारती उमटतात.

‘आकार हवामानामागून येतो’ असे सांगणाऱ्याने दिल्लीच्या उन्हाळ्यात काच लावावी? कोरियांची बाजू घ्यायची तर म्हणता येईल, की कॅनॉट प्लेस या इमारतीच्या उत्तरेस आहे. तिकडे वळलेल्या काचेवर थेट ऊन कमीच पडते. तरीही मला ती तडजोड वाटते. कांचनजंगेत सावली हाच सांगाडा आहे. येथे देखावा आधी ठरला.

पण तुलना एवढ्यावर सोडणे अन्यायाचे होईल. कांचनजंगेच्या त्या सुंदर गच्च्या ३२ श्रीमंत कुटुंबांच्या; रस्त्यावरच्या माणसाला त्यांची पोकळी खालून दिसते, एवढेच. जीवन भारती मात्र कॅनॉट प्लेसच्या पायवाटेला आपल्यातून वाट देते. हवामानाच्या कसोटीत मुंबई जिंकते, नागरिकाच्या कसोटीत दिल्ली.

अमरावती-अकोल्याच्या मुख्य रस्त्यांवर आज काचेच्या दर्शनी भागांची व्यापारी संकुले दिसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा पश्चिमेच्या काचेमागे पडदे ओढून, दिवे लावून कामे चालतात. यातला दोष कोरियांच्या माथी मारता येत नाही. त्यांच्याकडून उचलण्याजोगी गोष्ट कोपऱ्यातली सावली होती. प्रसार मात्र काचेचा झाला.

आणि ज्या वर्षी कांचनजंगा पूर्ण झाली, त्याच सुमारास कोरिया बेलापूरला सात-सात घरांना एकेक अंगण देणारी, बसकी, स्वस्त वसाहत आखत होते. तिच्याविषयी पुढील थ्रेडमध्ये.