हत्तीभोवतीची गाणी

सप्टेंबर संपता संपता सूर्य हस्त नक्षत्रात जातो. या दिवसांत पडणाऱ्या पावसाला गावाकडे हत्तीचा पाऊस म्हणतात. भोंडल्याच्या पाटावर काढून मुली ज्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात, तो हत्ती हाच. पुण्या-साताऱ्याकडे भोंडला किंवा हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. हादगा सोळा दिवसांचा, भोंडला घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत, आणि भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर. भुलाबाई-भुलोबा म्हणजे मातीचे पार्वती-शंकर; हत्ती म्हणजे पाऊस. मुळात ही पावसाची, पिकाची, भरल्या घराची पूजा.

पण गाणी ऐकली की पाऊस फारसा सापडत नाही. गणपतीला हाक मारून होते, आणि लगेच सासर सुरू होतं. सासू, सासरा, दीर, नणंद, जाऊ आणि नवरा. असं का झालं, याचं उत्तर फेर धरणाऱ्या मुलींच्या वयात आहे. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढं रान उठलं होतं! मुलीच्या लग्नाचं वय निदान चौदा असावं असं सांगणारा सारडा कायदा झाला 1929 मध्ये आणि अमलात आला 1930 मध्ये. त्याआधीच्या भोंडल्यात हातात हात घालून फिरणाऱ्या कितीतरी मुली आठ-दहा वर्षांच्या सासुरवाशिणी होत्या. एरवी सासूविरुद्ध शब्द काढायची सोय नव्हती. फेरात होती, कारण ते गाणं होतं, देवाचं होतं आणि सगळ्या मिळून म्हणत होत्या.

म्हणून या गाण्यांतला विनोद मला फार मोलाचा वाटतो. कारल्याचं गाणं घ्या. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं. मग कोंब येऊ दे, वेल वाढू दे, फूल लागू दे, कारलं लागू दे, भाजी कर, भाजी खा, उष्टं काढ. एकेका कडव्यात वेल एकेक पेर वाढतो आणि माहेर तेवढंच लांब जातं. ऐकणारी मुलं खदखदून हसतात. म्हणणारीला मात्र ठाऊक असतं की परवानगी मागणं म्हणजे नेमकं हेच असतं.

रुसलेल्या सुनेच्या गाण्यात पारडं फिरतं. सासरची माणसं एकामागून एक दागिने घेऊन न्यायला येतात. ती दागिना नाकारते, दारं लावायला सांगते आणि अंगावर झिपरं कुत्रं सोडायला लावते. प्रत्यक्षात असं कुणाला करता आलं असतं? शेवटी नवरा मंगळसूत्र घेऊन येतो तेव्हा दारं उघडतात. बंड तिथे संपतं, पण तोवर चार-पाच कडवी तिने घर दणाणून सोडलेलं असतं.

सगळ्यांत धारदार गाणं वेड्या नवऱ्याचं. बायको लाडू करते, तो चेंडू समजून खेळतो. करंज्या करते, तो होड्या समजून पाण्यात सोडतो. लहानपणी आम्ही या कडव्यांवर लोळून हसायचो. शेवटच्या कडव्यात बायको झोपलेली असते. ती मेली असं समजून वेडा तिला जाळून टाकतो. हे कडवंही त्याच चालीत, त्याच उड्या मारत म्हटलं जातं. माझ्या आजीनेही ते तसंच म्हटलं, आणि संपल्यावर पुढचं गाणं घेतलं. आता ते कडवं आलं की माझा आवाज खाली येतो.

ही गाणी टिकली कशी, हेही पाहण्यासारखं आहे. हादग्याला पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा म्हणायची रीत. नव्या मुलीला रोज एकच नवं गाणं शिकायचं आणि आधीची सगळी घोकायची. गाण्यांची बांधणीही अशी की एक कडवं आलं की पुढचं आपोआप येतं. नातं नाहीतर पदार्थ बदलायचा, बाकी ओळ तीच. सुरुवातीचे निरर्थक वाटणारे शब्द पावलांना ठेका देतात. आणि शेवटी खिरापत ओळखायची! डबा कानाशी हलवायचा, आवाज खडखडीत की मऊ ते ऐकायचं आणि गोड की तिखट हे विचारून विचारून यजमानीणबाईंना भंडावून सोडायचं. त्या खिरापतीसाठी मुलं सगळी गाणी संपेपर्यंत जागची हलत नाहीत.

लिहून ठेवण्याची गरज पडली नाही, म्हणून घराघरांत शब्द वेगळे झाले. एका घरात सासरा पाटल्या आणतो, दुसऱ्या घरात तोडे. लेक सासरी गेली की आईचे शब्द घेऊन जायची, तिथे जावेच्या शब्दांशी त्यांची सरमिसळ व्हायची. गाण्यातला एखादा दागिना किंवा पदार्थ ऐकून म्हातारी बाई अजूनही सांगते, ‘हे आमच्या माहेरचं.’

डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे बायकांची गाणी गोळा करून छापली, हे त्यांचं थोर काम. आज सोसायट्यांत आणि अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांतही भोंडला होतो. छापील कागद हातात असतो आणि सगळ्या एकच पाठ म्हणतात. होतोय याचा आनंदच आहे. पण त्या कागदात तुमच्या आजीचं कडवं असेलच असं नाही. यंदा घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्यांत वडील बाईजवळ बसा, तिला तिच्या चालीत म्हणू द्या, मध्ये दुरुस्ती करू नका, आणि ते कुणाकडून आलं, कुठल्या गावचं, हे गाण्याखाली लिहून ठेवा.