गादीची परीक्षा : घनता, कठिनता आणि मुदत

बंगळुरूत राहणाऱ्या कुटुंबाला ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या दोन ब्रँडच्या फोमच्या गाद्यांतून एक निवडायची असेल, तर ती निवड कोणत्या निकषांवर करावी, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे. उदाहरणादाखल वेकफिट आणि स्लीपीकॅट हे दोन ब्रँड समोर ठेवू. पहिला अंकित गर्ग आणि चैतन्य रामलिंगेगौडा यांनी २०१६ साली बंगळुरूत सुरू केला. दुसरा कबीर सिद्दीक यांनी २०१७ साली मुंबईत. दोघेही गुंडाळून खोक्यात बसवलेली गादी घरपोच देतात आणि दोघांनीही शंभर रात्रींच्या चाचणीची हमी देऊन नाव मिळवले. बाह्य लक्षणे इतकी सारखी असल्यामुळे ग्राहक ब्रँडची तुलना करू लागतो, आणि तेथेच विचार चुकतो. एकाच ब्रँडच्या दोन गाद्यांत जेवढे अंतर असते, तेवढे पुष्कळदा दोन ब्रँडच्या समान किमतीच्या गाद्यांत नसते. तुलनेचा घटक ब्रँड नव्हे, थर होय.

प्रथम संज्ञा निश्चित करू. येथे ‘फोम’ म्हणजे पॉलियुरेथेनचा मऊ, सच्छिद्र फोम. पॉलियुरेथेनचे रसायन ओटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीत सिद्ध केले. पॉलिऑल आणि आयसोसायनेट यांच्या विक्रियेत पाण्याचा अंश असला की कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो. त्या वायूने द्रव्य फुगते आणि फुगलेल्या अवस्थेत घट्ट होते. रबराच्या चिकापासून बनणारा लॅटेक्स हा निराळा पदार्थ असून तो या विवेचनाच्या कक्षेबाहेर आहे. गाद्यांच्या संदर्भात पॉलियुरेथेन फोमचे चार प्रकार मानावे लागतात : (१) साधा फोम, (२) दाब काढताच त्वरित पूर्ववत होणारा हाय रेझिलियन्स, म्हणजे एचआर फोम, (३) सावकाश दबणारा आणि सावकाश वर येणारा मेमरी फोम, (४) फोमचे तुकडे चिकटवून आणि दाबून केलेला रिबॉन्डेड फोम. ऑनलाइन विकली जाणारी प्रातिनिधिक गादी म्हणजे वर मेमरी फोमचा पातळ थर, खाली एचआर किंवा साध्या फोमचा जाड थर आणि दोहोंवर खोळ.

या प्रकारांत मेमरी फोमचा इतिहास सर्वांत परिचित आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी १९६६ साली तो विमानातील आसनांकरिता तयार केला. बंगळुरूचा गाद्यांशी संबंधही ऑनलाइन ब्रँडपूर्वीचा आहे. १९६२ साली सुरू झालेल्या आणि रबरयुक्त काथ्याच्या गाद्यांसाठी ओळखल्या गेलेल्या कर्लऑनचे मुख्यालय याच शहरात होते. पुढे २०२३ साली शीला फोमने ती कंपनी विकत घेण्याचा व्यवहार केला. केरळात १९६३ साली जन्मलेल्या ड्युरोफ्लेक्सनेही पुढे बंगळुरूलाच मुख्यालय केले. काथ्याची गादी दुकानात हाताने दाबून आणि तीवर आडवे होऊन घेतली जाई. ऑनलाइन खरेदीत ती परीक्षा खरेदीनंतरच्या काळात ढकलली गेली आहे. म्हणून खरेदीपूर्वी जे कळू शकते ते, आणि खरेदीनंतरच जे कळते ते, अशी विषयाची विभागणी करणे क्रमप्राप्त आहे.

खरेदीपूर्वी कळू शकणाऱ्या गोष्टींत पहिली घनता. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वजन. बाजारात ‘चाळीस डेन्सिटीचा फोम’ म्हणतात तेव्हा हेच अभिप्रेत असते. घनतेवरून फोममध्ये प्रत्यक्ष द्रव्य किती आणि हवा किती याचे प्रमाण कळते. म्हणून एकाच प्रकारच्या दोन फोमपैकी अधिक घनतेचा फोम सामान्यतः अधिक काळ टिकतो. ‘एकाच प्रकारच्या’ ही अट येथे निर्णायक आहे. रिबॉन्डेड फोमची घनता एचआर फोमच्या दुप्पट-तिप्पट असू शकते, पण त्यावरून तो दुप्पट-तिप्पट टिकाऊ ठरत नाही. त्याचप्रमाणे फोममध्ये खनिज भुकटी मिसळून वजन वाढवता येते. त्याने घनतेचा आकडा फुगतो, टिकाऊपणा वाढत नाही. सारांश, घनता ही आवश्यक कसोटी आहे, पर्याप्त नव्हे.

ही कसोटी ग्राहकाला स्वतः लावता येते, आणि ती फारसे कोणी लावत नाही म्हणून येथे सविस्तर मांडतो. ७८ इंच लांब, ७२ इंच रुंद आणि ६ इंच जाड गादीचे आकारमान सुमारे ०.५५२ घनमीटर भरते. संपूर्ण गादी ३२ घनतेच्या फोमची असेल तर निव्वळ फोमचे वजन सुमारे १७.७ किलो, ४० घनतेच्या फोमची असेल तर सुमारे २२.१ किलो. थर दोन असल्यास हिशेब एक पायरी वाढतो. समजा वरचा थर १ इंच जाडीचा, ५० घनतेचा मेमरी फोम आहे. त्याचे वजन ४.६ किलो होते. खोळ वजा जाता गादी १९.३ किलो भरली, तर खालच्या ५ इंचांच्या वाट्याला १४.७ किलो येतात आणि त्या थराची घनता ३२ ठरते. विक्रेत्याने खालचा थर ४० घनतेचा सांगितला असेल तर गादी २३ किलोंच्या आसपास भरायला हवी होती. जवळजवळ चार किलोंची ही तफावत सामान तोलण्याच्या काट्यावरही लपत नाही. खोळीची जाडी आणि कापणीतील फरक यांमुळे उत्तरात थोडी चूक राहते, परंतु ती इतकी मोठी नसते. दोन ब्रँडपैकी एकाने थरांची जाडी, प्रत्येक थराची घनता आणि गादीचे एकूण वजन ही तिन्ही माहिती दिली आणि दुसऱ्याने फक्त थरांची आकर्षक नावे दिली, तर पहिल्याला झुकते माप द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची गादी अधिक चांगली असेलच असे नाही; पण तिची पडताळणी होऊ शकते.

दुसरी गोष्ट कठिनता. घनता आणि कठिनता यांची गल्लत हा या विषयातील सर्वांत व्यापक दोष आहे. कठिनता म्हणजे फोम ठराविक प्रमाणात दाबण्यास लागणारे बल. प्रयोगशाळेत सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी फोममध्ये त्याच्या जाडीच्या २५, ४० किंवा ६५ टक्के खोलीपर्यंत दाबून ते मोजतात. रसायन बदलून एकाच घनतेचा मऊ फोमही करता येतो आणि कडकही. म्हणून ‘घनता जास्त म्हणजे गादी कडक’ हे अनुमान सदोष आहे. यातून आणखी एक उपयुक्त भेद निघतो. ६५ टक्क्यांवरील बलाला २५ टक्क्यांवरील बलाने भागले असता आधाराचे गुणोत्तर मिळते. हे गुणोत्तर मोठे असलेला फोम वरवर मऊ लागतो आणि खोलवर आधार देतो. लहान असलेला फोम पहिल्या स्पर्शाला कडक लागूनही कमरेखाली खचू शकतो. हाताने दाबून गादी पाहणाऱ्याला २५ टक्क्यांवरील बल कळते, ६५ टक्क्यांवरील कळत नाही.

कठिनतेसंबंधी ‘ऑर्थोपेडिक’ हे विशेषण दोन्ही बाजूंनी मुबलक वापरले जाते. ते कोणत्याही एका मापाशी बांधलेले नाही, त्यामुळे तुलनेत त्याला स्थान देता येत नाही. पाठदुखी असलेल्याने कडक गादीवर झोपावे, हा आपल्याकडे रूढ असलेला समजही तपासून घ्यावा लागतो. २००३ साली ‘द लान्सेट’मध्ये फ्रान्सिस्को कोव्हाक्स आणि सहकाऱ्यांनी स्पेनमधील अभ्यास प्रसिद्ध केला. कंबरेच्या जुनाट, निश्चित कारण न सापडलेल्या दुखण्याने त्रस्त ३१३ प्रौढांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या देऊन ९० दिवस पाहण्यात आले. वेदना आणि हालचालींतील अडचण या दोन्ही बाबतींत मध्यम कडक गादीचा गट सरस ठरला. निष्कर्ष या प्रकारच्या रुग्णांपुरता आहे; तो मणक्याच्या सर्व विकारांना लागू करू नये. तथापि ‘जितकी कडक तितकी हितकर’ हे सूत्र त्याने निश्चितपणे बाधित होते. शिवाय कठिनता शरीराच्या वजनाशी सापेक्ष आहे. ५० किलोंच्या व्यक्तीला जी गादी फळीसारखी लागते, तीच ९० किलोंच्या व्यक्तीला मध्यम लागते. पलंगावर झोपणाऱ्या दोघांच्या वजनांत मोठे अंतर असेल तर एका गादीवर दोघांचे समाधान होणे कठीण. तेथे ३६ इंच रुंदीच्या दोन स्वतंत्र गाद्या शेजारी मांडणे हा शास्त्रशुद्ध उपाय होय.

तिसरी गोष्ट तापमान. एचआर फोमची कठिनता खोलीच्या तापमानाने फारशी बदलत नाही. मेमरी फोमची बदलते. तो थंडीत ताठरतो आणि उबेने सैलावतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १५-१६ अंशांपर्यंत उतरते, तर एप्रिलमध्ये दिवसाचा पारा ३४ अंशांच्या घरात जातो. परिणामी तीच गादी जानेवारीत अंग टेकताना कडक आणि एप्रिलमध्ये मऊ भासते. मुंबईच्या उकाड्यात मेमरी फोमविरुद्ध जी मुख्य तक्रार असते, ती अंग तापण्याची. बंगळुरूत वर्षातील बराच काळ ती गौण ठरते. म्हणून मुंबईतील आप्तांचा अनुभव जसाच्या तसा इकडे लावू नये.

गादीखालच्या पलंगाचा विचार थोडक्यात पुरे. फळ्यांचा पलंग असेल तर फळ्यांमधील अंतर कमी असावे. सामान ठेवण्याच्या पेटीचा पलंग असेल तर वरच्या प्लायवूडला हवेची छिद्रे असावीत, कारण बंगळुरूत पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो आणि गादीच्या खालच्या अंगाला बुरशी धरते. सुताराकडून करून घेतलेल्या पलंगाचे माप प्रमाणित मापाहून वेगळे निघाले तर खास मापाची गादी मागवावी लागते, आणि तशी गादी बहुधा परत घेतली जात नाही. त्यामुळे माप आधी, गादी नंतर.

आता खरेदीनंतरच जे कळते ते. खोके उघडल्यावर गादी पूर्ण फुलण्यास एक-दोन दिवस लागू शकतात आणि कारखान्याचा वास काही दिवस येतो. खिडक्या उघड्या ठेवणे एवढाच त्यावर उपाय. जाडी व वजन याच वेळी मोजून नोंदवावे, आणि चाचणीची मुदत संपेपर्यंत खोके व पावती जपावी. त्यानंतर चाचणी. शंभर रात्रींचा काळ पहिल्या दृष्टीस उदार वाटतो, पण त्याची रचना नीट पाहावी. पहिले काही आठवडे शरीर जुन्या गादीची सवय सोडत असते आणि नवा फोम थोडा नरम होत असतो. त्या काळातील मत ग्राह्य धरू नये. उरलेल्या काळात तापमानाचा किती पल्ला येतो हे खरेदीच्या महिन्यावर अवलंबून आहे. जूनमध्ये घेतलेल्या गादीची मुदत सप्टेंबरात संपते. तिने ना थंडी पाहिली, ना उन्हाळा. डिसेंबरच्या आरंभी घेतलेली गादी जानेवारीची थंडी आणि मार्चच्या उष्म्याचा प्रारंभ, दोन्ही पाहते. बंगळुरूपुरते बोलायचे तर मेमरी फोमची गादी घेण्यास हाच काळ योग्य. सणासुदीच्या सवलतीत होणारी बचत या लाभाच्या तुलनेत कमी मोलाची आहे.

चाचणी आणि वॉरंटी या दोन भिन्न वस्तू आहेत. चाचणीत ग्राहकाचे असमाधान पुरेसे असते. वॉरंटीत उत्पादनातील दोष दाखवावा लागतो. गादीच्या वॉरंटीत दोष म्हणजे साधारणतः कोणीही झोपलेले नसताना दिसणारा, ठराविक खोलीपेक्षा अधिक असा खड्डा. गादीवर सरळ दांडी आडवी ठेवून तिच्यापासून खड्ड्याच्या तळापर्यंतचे अंतर पट्टीने मोजतात. पण फोमचा ऱ्हास दोन रीतींनी होतो. एकात जाडी कायमची घटते. दुसऱ्यात जाडी तशीच राहते आणि कठिनता घटते. पहिला ऱ्हास पट्टीने मोजता येतो. दुसऱ्यात रिकामी गादी सपाट दिसते आणि माणूस झोपताच खचते. तो वॉरंटीच्या व्याख्येत बसत नाही. व्यवहारात त्रास बहुतांशी दुसऱ्या ऱ्हासाचा होतो. म्हणून दोन ब्रँडच्या वॉरंटीची तुलना वर्षांच्या संख्येवर न करता दोन अटींवर करावी : खड्ड्याची किमान खोली किती धरली आहे, आणि नेण्या-आणण्याचा खर्च कोणावर आहे. दहा वर्षे आणि दीड इंच यांपेक्षा सात वर्षे आणि पाऊण इंच हे अधिक मूल्यवान वचन होय.

ग्राहकांच्या अभिप्रायांचे मूल्यही ते कोणत्या काळात लिहिले यावरून ठरते. बहुतेक अभिप्राय गादी आल्यावर थोड्याच दिवसांत लिहिले जातात, म्हणजे नेमके ज्या काळातील मत ग्राह्य नाही त्या काळात. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. त्याचा रोख अभिप्राय खरे असण्यावर आहे. खरा अभिप्रायही टिकाऊपणाविषयी मूक असू शकतो. दोन-तीन वर्षांनंतर लिहिलेला एक अभिप्राय पहिल्या आठवड्यातील शंभरांपेक्षा अधिक सांगतो. ‘सवलत आज रात्रीपर्यंतच’ अशा खोट्या घाईची गणना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या निषिद्ध क्लृप्त्यांच्या तेरा प्रकारांत झाली आहे. उलटी धावणारी घड्याळे पाहून निर्णय घेऊ नये.

शेवटी कायद्याची बाजू. ब्रँड मुंबईचा आणि ग्राहक बंगळुरूचा, यामुळे स्थानिक ब्रँड घेणे सुरक्षित असा तर्क केला जातो. तो आता टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ दोन्ही शहरांत एकच आहे. तक्रारीत वजन, जाडी आणि खड्ड्याची खोली आकड्यांत व तारखेसह नमूद करावी, दांडी-पट्टीचे छायाचित्र जोडावे, आणि परतीची मागणी शंभरावी रात्र येण्यापूर्वी लेखी पाठवावी.