शेख इब्राहिमचं हिंदुस्थानी

“जरा हिंदी बोलून दाखव ना!”

कैरोतल्या एका आहवामध्ये शेजारच्या टेबलावरच्या काकांनी फर्माईश केली. आहवा म्हणजे खरं तर कॉफीचं दुकान, पण तिथे बहुतेक जण चहाच पितात. मला कैरोत येऊन तीन आठवडे झाले होते. इंजिनिअरिंगनंतर दोन वर्षं नोकरी करून साठवलेले पैसे अरबीच्या चार महिन्यांच्या वर्गात घातले होते, आणि ओळख वाढवायला माझ्याकडे भांडवल होतं ते फक्त अमिताभचं. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, “काका, चहात साखर जरा जास्तच पडलीय, पण आता सांगणार कुणाला?”

टाळ्या पडल्या. हे मराठी आहे, हिंदी नाही, हे कळायचं तिथे कुणाला कारणच नव्हतं.

ही युक्ती माझी नव्हती. योहान लुडविग बुर्कहार्ट नावाच्या स्विस तरुणाने ती १८०९ मध्येच वापरली होती. लंडनच्या आफ्रिकन असोसिएशनला आफ्रिकेच्या आतल्या भागाची, नायजर नदीच्या प्रदेशाची माहिती हवी होती. कैरोहून व्यापारी तांड्याबरोबर तिकडे जायचं, तर अरबी नुसती येऊन भागणार नव्हतं, अंगात मुरायला हवी होती. गड्याने केंब्रिजमध्ये अरबीचे धडे गिरवले, उन्हात बोडक्याने मैलोन्‌मैल चालला, जमिनीवर झोपला, भाजीपाला आणि पाण्यावर राहिला. मग माल्टामार्गे सीरियाकडे निघाला तो हिंदुस्थानी मुसलमान व्यापारी ‘शेख इब्राहिम’ बनून. उच्चार चुकला तर? हिंदुस्थानातून आलाय, चुकणारच! वाटेत कुणीतरी हिंदुस्थानी बोलून दाखवायला सांगितलं, तेव्हा त्याने आपल्या गावाकडची अस्सल घशातली स्विस जर्मन ऐकवली. लोकांची खात्री पटली.

पुढे दोनेक वर्षं त्याचा मुक्काम अलेप्पोत. तिथे त्याने सरावासाठी काय करावं? ‘रॉबिन्सन क्रूसो’ अरबीत उतरवायला घेतलं. परक्या मुलुखात एकट्या पडलेल्या माणसाची गोष्ट, तीही परक्या भाषेत. मला हे वाचून त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. सकाळच्या वर्गात मी शिकायचो ती फुसहा, म्हणजे पुस्तकांतली आणि बातम्यांतली अरबी. ती घेऊन भाजी आणायला गेलो की भाजीवाला असा हसायचा, जणू कुणी संतवाणीत कोथिंबिरीची जुडी मागतंय. मराठीतले तारीख, हिशेब, वकील, साबण असे शब्द वर्गात भेटले की बरं वाटायचं, पण त्यांच्यावरही भरवसा ठेवायची सोय नव्हती. ‘गरीब’ म्हणजे अरबीत परका, अनोळखी. आपल्याकडे पोचेपर्यंत तो परका कफल्लक झाला!

बुर्कहार्टची पुढची कहाणी बहुतेक एका तारखेत आटोपतात: २२ ऑगस्ट १८१२, ‘पेट्राचा शोध’. मला हा शब्द खटकतो. त्याला तिथे नेणाऱ्या वाटाड्याला ती जागा माहीतच होती की! हारूनच्या कबरीजवळ बकरा कापायचा नवस आहे, असं सांगून बुर्कहार्ट त्या दरीत शिरला. अवशेषांकडे जरा जास्तच निरखून बघायला लागला तसा वाटाड्याला संशय आला, की हा पुरलेल्या खजिन्यावर टपलाय. या सगळ्या प्रवासात तो टिपणं काढायचा ती लपूनछपून, अंगरख्याच्या आड.

इथे माझी आपुलकी अडखळते, आणि तिचं कारण फक्त तो नाही. पहिल्या महिन्यानंतर मीही आहवात बसलो की फोन टेबलावर पालथा ठेवायचो, रेकॉर्डिंग चालू करून. काकांचं बोलणं रात्री खोलीवर पुन्हा पुन्हा ऐकायचो. ‘क’ कुठे गिळतात, ‘ज’चा ‘ग’ कसा करतात ते वहीत उतरवायचो. माझी बोली झपाट्याने सुधारली. काका मला पोरगा मानायला लागले, घरच्या कटकटी सांगायला लागले. त्याही फोनमध्ये जात होत्या.

बुर्कहार्ट १८१४ मध्ये मक्केला जाऊन आला. मात्र ज्या तांड्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तो काही त्याला मिळाला नाही. वाट बघता बघता ऑक्टोबर १८१७ मध्ये तो कैरोत आमांशाने गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. बाब अल-नस्र दरवाज्याबाहेर त्याला मुसलमानी रीतीने पुरलं. जमवलेली हस्तलिखितं तो केंब्रिजला देऊन गेला. कैरोत प्रचलित असलेल्या अरबी म्हणींचं त्याचं पुस्तक १८३० मध्ये निघालं. ती शेख इब्राहिमची भाषा होती की बुर्कहार्टची टिपणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी काकांना सगळं सांगून टाकलं. फोन पुढे केला, म्हटलं, तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसतो. त्यांनी थोडं ऐकलं. स्वतःचा आवाज, सुनेबद्दलची तक्रार, मागे चमच्यांचा आवाज. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“आधी सांगायचं नाही का,” शेवटी म्हणाले, “मी नीट बोललो असतो.”

सुनेचं तेवढं पुसायला लावलं. मग शर्टाची कॉलर सारखी केली, मला रेकॉर्डिंग सुरू करायला सांगितलं, आणि अगदी बातम्या देणाऱ्यासारख्या खणखणीत फुसहामध्ये त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि मोहल्ला सांगितला.