एमएमए करताना ताकद आणि स्नायू कसे वाढवतात?

एमएमएमध्ये कमावलेला प्रत्येक किलो वजनकाट्यावर मोजला जातो. यूएफसीत लाइटवेटची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे सुमारे ७० किलो. पुढचा वेल्टरवेट थेट १७० पौंडांचा. मध्ये थांबा नाही! दोन-तीन किलो जास्त झाले, की समोर ७७ किलोंचा गडी. त्यामुळे फायटर आधी ताकद बघतात, आकार नंतर.

दुसरी अडचण थकव्याची. रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या प्रयोगात दमसास आणि वजनांचा जोरदार व्यायाम एकत्र करणाऱ्यांच्या ताकदीची वाढ काही आठवड्यांनी खुंटली. म्हणून आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप्स पुरतात. शक्यतो स्पारिंगच्या आदल्या दिवशी नकोत. प्रथिने रोज दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम. लढतीआधी वजन उतरवताना मात्र आहेत ते स्नायू टिकले तरी पुष्कळ.