बर्फात फेझंटच्या शिकारीला कोणते बूट घालतात? आणि सगळ्यात गरम बुटातच पाय का गारठतात?

अमेरिकेच्या नकाशात मधोमध, जरा वरच्या अंगाला, साऊथ डकोटा नावाचं राज्य आहे. तिथला राज्यपक्षी आहे फेझंट. गळ्यात पांढरं कडं, तांबूस अंग आणि लांबलचक शेपूट असलेला हा पक्षी आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्या कुळातला. मूळचा चीनकडचा. १८८० च्या दशकात तो अमेरिकेत ओरेगॉनमध्ये आणून सोडला आणि पुढे साऊथ डकोटाच्या मक्याच्या शेतांत असा काही रमला, की १९१९ साली तिथल्या स्पिंक काऊंटीत पहिल्यांदा, एकाच दिवसापुरती, त्याच्या शिकारीला परवानगी मिळाली. आज तिथला सीझन ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो तो ३१ जानेवारीपर्यंत चालतो. माणशी दिवसाला तीन पक्षी, तेही फक्त नर.

राज्यपक्षी म्हणून मिरवायचं आणि त्याचीच शिकार करायची, हे आपल्याला ऐकायला विचित्र वाटतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे हा विषय कुणाच्या डोक्यातही येत नाही. पण शेजारच्या मिनेसोटात राहणाऱ्या मराठी मंडळींना ऑफिसातले सहकारी "येतोस का?" म्हणून विचारतात. शिवाय उणे १५ मध्ये पाय शाबूत कसे ठेवायचे हे गणित शिकाऱ्याला लागू होतं तसंच चादर ट्रेकला निघालेल्या पुणेकरालाही लागू होतं.

अडचण नेमकी कुठे आहे?

बदकांच्या शिकारीत माणूस पाण्याकाठी दबा धरून बसतो. फेझंटच्या शिकारीत चालावं लागतं. कुत्रा पुढे, माणसं मागे, दिवसभरात आठ-दहा किलोमीटर सहज होतात. ऑक्टोबरमध्ये हे सोपं असतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र मका कापून झालेला असतो, बर्फ पडलेला असतो आणि उरलेले हुशार पक्षी गोठलेल्या दलदलीतल्या दाट पाणकणसात किंवा वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगांत जाऊन बसतात. तिथे घुसायचं म्हणजे गुडघ्याएवढा बर्फ तुडवायचा. अशा वेळी बाहेर उणे १५ असलं तरी अंगाला घाम फुटतो.

आणि मग थांबायचं. रानाच्या दुसऱ्या टोकाला काही जण नुसते उभे राहतात, म्हणजे पळत आलेला पक्षी तिथून उडेल. अर्धा तास चालणं, वीस मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहणं, पुन्हा चालणं. पायांची वाट लागते ती या चालण्या-थांबण्याच्या खेळात.

याचा सगळ्यात भयंकर दाखला शिकारीतला नाही, युद्धातला आहे. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोरियातल्या चोसिन जलाशयाजवळ अमेरिकन मरीन सैनिक चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडले. पारा उणे ३० च्या आसपास. त्यांच्या पायात 'शूपॅक' नावाचे बूट होते. खाली रबर, वर चामडं, आत नमद्याचा सोल. चालताना त्यात पायाला दरदरून घाम यायचा. रबर तो बाहेर जाऊ द्यायचं नाही. सैनिक थांबले की तोच घाम मोज्यात गोठायचा. असंख्य सैनिकांना हिमदंश झाला. पुढच्या हिवाळ्यात लष्कराने नवे बूट दिले. त्यात गरम अस्तर रबराच्या दोन थरांमध्ये कायमचं बंद केलेलं होतं, म्हणजे पाय घामाने ओला झाला तरी अस्तर कोरडंच राहायचं. दिसायला इतके बेढब, की सैनिकांनी त्यांना 'मिकी माऊस बूट' असं नाव ठेवलं.

८०० ग्रॅम, १००० ग्रॅम म्हणजे काय?

दुकानात गेलात की बुटावर मोठ्या अक्षरात आकडा दिसतो: २००, ४००, ८००, १०००. बहुतेकांना वाटतं की हे उबेचं मार्कशीट आहे, जितके जास्त तितकं चांगलं. प्रत्यक्षात तो आकडा बुटात घातलेल्या अस्तराच्या कापडाचं दर चौरस मीटरचं वजन सांगतो, बास. थिन्सुलेट हे त्यातलं सगळ्यात माहितीचं नाव. ते बनवणारी थ्री-एम कंपनीही मिनेसोटाचीच. हे अस्तर स्वतः उष्णता तयार करत नाही. बारीक तंतूंमध्ये हवा अडकवून ठेवतं आणि पायाची ऊब बाहेर जाण्याचा वेग कमी करतं. तंतू दबले किंवा भिजले की हवा गेली, आणि हवा गेली की ऊबही गेली.

म्हणून सतत चालणाऱ्याने १००० ग्रॅमचे बूट घेणं म्हणजे पैसे देऊन घाम विकत घेणं. मचाणावर तासन्‌तास बसून हरणाची वाट पाहणाऱ्याला ते ठीक आहेत. फेझंटच्या मागे चालणाऱ्याला पारा शून्याच्या आसपास असेल तर २०० ग्रॅम पुरतात आणि कडाक्याच्या थंडीत ४०० ग्रॅम. तुम्ही टोकाला उभे राहणाऱ्यांपैकी असाल, किंवा तुमचे पाय मुळातच थंड पडत असतील, तर त्याच्या वर जायला हरकत नाही.

जाड अस्तराचा दुसरा तोटा वजनाचा. पायातलं एक किलो ओझं पाठीवरच्या साधारण पाच किलोंइतकी दमछाक करतं, असं लष्करी संशोधनातून दिसलेलं आहे. दुकानात दोन पावलं टाकून हे कळत नाही. तिसऱ्या रानात कळतं.

रबर की चामडं?

१९१२ साली मेन राज्यातल्या लिऑन लिऑनवुड बीन नावाच्या गृहस्थाने शिकारीत पाय ओले होण्याला कंटाळून चामड्याच्या वरच्या भागाला रबरी तळ जोडून घेतला आणि असे १०० जोड विकले. त्यातले ९० परत आले, कारण शिवण सुटली. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले, बूट सुधारले आणि त्यातून एल. एल. बीन ही कंपनी उभी राहिली. ही रचना आजही चालते, कारण ओला बर्फ आणि अर्धवट वितळलेला चिखल यांच्यापुढे रबराला तोड नाही.

मात्र घाम बाहेर जाण्याच्या बाबतीत रबर कमी पडतं. त्यामुळे सीझनच्या शेवटी पुष्कळ शिकारी गोअर-टेक्ससारखा पडदा असलेले चामड्याचे, आठ ते दहा इंच उंचीचे बूट वापरतात. हा पडदा पाणी आत येऊ देत नाही, वाफ बाहेर सोडतो. पण बाहेरचं चामडं भिजून चिंब झालं किंवा फारच थंडी असली, तर वाफ वाटेतच पाणी होते. तेव्हा चामड्याला मेण लावायचा कंटाळा करू नये. माझं विचाराल तर कोरडा, भुसभुशीत बर्फ असेल तर चामडं, ओल असेल तर रबर. एकच जोड घ्यायचा असेल तर चामडं आणि वरून गेटर, म्हणजे बर्फ वरून आत शिरत नाही.

माप चुकलं की सगळं चुकलं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. पाय गार पडतात म्हणून दोन जाड मोजे घालतात, मग बूट घट्ट होतो, रक्तपुरवठा कमी होतो आणि बोटं आणखी गार पडतात. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. जे मोजे घालणार तेच सोबत न्यावेत. लेस बांधल्यावर टाच हलता कामा नये आणि बोटं मात्र आत मोकळी वळवळली पाहिजेत. गरज पडली तर अर्धा नंबर मोठा घ्या.

मोजे लोकरीचे हवेत. लोकर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा शोषूनही ऊब धरते. सुती मोजा भिजला की ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं. आत एक पातळ, घाम पुढे ढकलणारा सिंथेटिक मोजा घातला तर फोडही कमी येतात. बोटांजवळ ठेवायच्या गरम पुड्यांबद्दल एकच सांगतो: त्यातली लोखंडाची पूड हवेतला ऑक्सिजन घेऊन तापते, त्यामुळे घट्ट बुटात त्या नीट तापतच नाहीत.

सोलकडेही बघा. थंडीत काही सोल दगडासारखे कडक होतात आणि बर्फावर घसरतात. दलदल गोठली म्हणून ती पक्की असेलच असं नाही. मिनेसोटाचं निसर्ग संपदा खातं चालण्यासाठी किमान चार इंच स्वच्छ, नवा बर्फ असावा असं सांगतं. पाणकणसाच्या आसपास तो अनेकदा त्याहून पातळ असतो, कारण साचलेला हिम गोधडीसारखा वर बसून खालचं पाणी गोठू देत नाही. तिथे पाय आत गेला तर कितीही ग्रॅमचा बूट असला तरी दिवस तिथेच संपवून गाडीकडे निघायचं.

गाडीवरून आठवलं. घरून निघतानाच हे बूट घालून हीटर लावलेल्या गाडीत तासभर बसलात, तर शिकार सुरू होण्याआधीच मोजे दमट झालेले असतात. साध्या बुटात जा, रानाच्या कडेला बूट-मोजे बदला. दुपारसाठी कोरड्या मोज्यांचा एक जोड सोबत असू द्या.

बोटं दुखायची थांबून बधिर झाली, कातडी पांढरट किंवा मेणासारखी दिसू लागली, तर तो हिमदंश असू शकतो. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही, आणि शेकोटीजवळही धरायचं नाही, कारण बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल अशा जागी पोहोचल्यावरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात पाय ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं.

रात्री बुटांचे आतले सोल काढून बाहेर ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तास-दोन तासांनी ते बदला. हीटरला चिकटवून ठेवलेलं चामडं तडकतं आणि सोलचा गोंद सुटतो. सलग दोन दिवस जायचं असेल तर दोन जोड न्यावेत, कारण जाड अस्तर एका रात्रीत पूर्ण वाळत नाही.